नदीच्या गाळात तांब्याचा माग



सराफांच्या पेठेत पूर्वी भल्या पहाटे एक माणूस हटकून दिसत असे. दुकानांपुढची धूळ तो झाडून घेई, गटारातला गाळ खरवडून टोपलीत भरी आणि पाण्यावर नेऊन एका पसरट भांड्यात तो गाळ धूत बसे. भांडे गोल गोल हलवले की हलकी माती पाण्याबरोबर निघून जाई आणि तळाशी सोन्याचे चारदोन कण चमकत राहत. हा झारेकरी. भंडारा आणि बालाघाटकडचे सोनझारी लोक हेच काम नदीच्या वाळूवर करीत.

आता थोडा विचार करा. झारेकरी सराफाच्या दुकानात कधी पाऊलही टाकत नसे. तरी कोणत्या दुकानात सोन्याचे काम जास्त चालते, हे त्याला दुकानापुढच्या धुळीवरून नेमके कळत असणार. आतले गुपित बाहेरच्या कचऱ्याने फोडावे, असाच हा प्रकार!

भूवैज्ञानिकही नेमके हेच करतात. त्यांचे दुकान म्हणजे डोंगर, गटार म्हणजे ओढा, आणि शोधायचे असते तांबे, शिसे, जस्त किंवा सोने. डोंगरावर न चढता, खडकाला हातोडाही न लावता, खाली वाहत आलेल्या मूठभर गाळावरून वर काय दडले आहे याचा अंदाज कसा बांधतात, ते या लेखात पाहू. त्यासाठी आपण एका दूरच्या नदीवर जाणार आहोत.

जिथे रस्ता नाही, तिथे नदीच रस्ता

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस न्यू गिनी नावाचे प्रचंड बेट आहे. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे आजचा पापुआ न्यू गिनी हा देश. बेटाच्या मध्यभागी, इंडोनेशियाच्या हद्दीला लागून, स्टार पर्वत नावाची रांग आहे. या रांगेतून ओक टेडी ही नदी निघते आणि दक्षिणेकडे वाहत जाऊन फ्लाय या महानदीला मिळते. तिथल्या डोंगरी लोकांच्या भाषांत ‘ओक’ म्हणजेच पाणी किंवा नदी. फ्लाय नदी हजाराहून अधिक किलोमीटर वाहून पापुआच्या आखातात समुद्राला मिळते.

या मुलखातला पाऊस ऐकाल तर चकित व्हाल. आपल्याकडे आंबोलीच्या पावसाची केवढी ख्याती! तिथे वर्षाला सुमारे ७ मीटर पाऊस पडतो, पण तो मुख्यतः चार महिन्यांत. ओक टेडीच्या उगमाकडे वर्षाला ८ मीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो, आणि तोही बाराही महिने. त्यामुळे डोंगर घनदाट जंगलाने झाकलेले. जंगलाखाली शेवाळ, शेवाळाखाली चिखल, आणि चिखलाखाली कुठेतरी खडक. १९६० च्या सुमारास इथे रस्ता नव्हता. तेव्हा हा प्रदेश ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होता. सरकारी गस्तीची तुकडी पायी निघे आणि आठवडेच्या आठवडे चालत राही. १९६३ मध्ये अशाच गस्तीकडून या डोंगरांत तांब्याच्या खुणा असल्याच्या वार्ता बाहेर आल्या.

पण शेकडो चौरस किलोमीटर जंगलात तांबे नेमके कोठे? सगळा डोंगर खणून पाहणे शक्य नाही, आणि खडक तर दिसतच नाही. अशा वेळी विचारावे कोणाला? उत्तर सोपे आहे. जी रोज त्या डोंगरावरून येते, तिला विचारावे. म्हणजे नदीला.

खडकातले तांबे गाळात येते कसे?

तांबे खडकात बहुधा शुद्ध धातूच्या रूपात नसते. ते गंधक आणि लोह यांच्याशी संयोग पावलेले असते. अशा खनिजांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅल्कोपायराइट. हे पितळेसारखे पिवळे, चकचकीत खनिज आहे. जमिनीत खोलवर, हवेपासून दूर असेपर्यंत ते हजारो वर्षे तसेच राहते. परंतु वरची माती झिजून ते पृष्ठभागाजवळ आले, की पावसाचे पाणी आणि हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर काम सुरू करतात.

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही ‘विदारण’ हा शब्द वाचला आहे. हे त्याचेच उदाहरण. खनिजातल्या गंधकापासून सल्फ्यूरिक आम्ल तयार होते. लोह गंजून तांबूस-पिवळी लिमोनाइटची माती बनते. आणि तांबे? ते तांब्याचे सल्फेट होऊन पाण्यात विरघळते. तुमच्या प्रयोगशाळेतला निळा मोरचूद तो हाच. म्हणजे निसर्ग डोंगराच्या माथ्यावर मोरचुदाचे अतिशय पातळ द्रावण तयार करून ओढ्यात सोडत असतो.

तुम्ही म्हणाल, मग ओढ्याचे पाणीच तपासावे, गाळ कशाला? शंका रास्त आहे. पण पाणी मोठे चंचल. मोठा पाऊस झाला की द्रावण पातळ होते, उघडीप मिळाली की दाट होते. सकाळी एक आकडा मिळेल, संध्याकाळी दुसरा. शिवाय हे तांबे पाण्यात फार दूरवर टिकतही नाही. आम्लधर्मी पाणी खाली आले, त्याला दुसऱ्या ओढ्याचे, विशेषतः चुनखडीवरून आलेले पाणी मिळाले, की आम्लता कमी होते. मग तांबे द्रावणातून बाहेर पडते आणि चिकणमातीचे बारीक कण, कुजलेला पाचोळा आणि लोह-मँगॅनीजची ऑक्साइडे यांना चिकटून बसते. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. स्टार पर्वताच्या तीव्र उतारांवर तर दरडीच इतक्या कोसळतात, की न विरघळलेल्या खनिजाचे कणही खडकाच्या चुऱ्याबरोबर सरळ ओढ्यात येऊन पडतात.

म्हणजे गाळात दोन्ही प्रकारचे तांबे साठते: चिकटलेले आणि कणरूप. आणि ते एका दिवसाचे नसते. ओढ्याच्या वरच्या अंगाला जेवढे पाणलोट क्षेत्र आहे, तेवढ्या सगळ्या क्षेत्रातून आलेली माती त्या मूठभर गाळात मिसळलेली असते. भाताच्या पातेल्यातली दोन शिते चेपून आई भात शिजला की नाही ते सांगते ना? तशीच ही शिते. फक्त पातेले डोंगराएवढे.

नमुना घ्यावा कसा?

काम दिसायला सोपे आहे: वाकायचे, मूठभर गाळ उचलायचा, पुडीत भरायचा. पण यातली शिस्त मोडली, की सगळ्या श्रमांवर पाणी पडते.

पहिला नियम, गाळ वाहत्या पात्राच्या मधल्या भागातून घ्यायचा, काठावरून नाही. काठाची माती तिथेच ढासळलेली असते. तिची खबर फक्त त्या काठापुरती. वरच्या साऱ्या डोंगराची खबर वाहत आलेल्या गाळातच मिळते.

दुसरा नियम संगमाचा. दोन ओढे मिळतात तिथे संगमाच्या थोडे वर, प्रत्येक ओढ्यात वेगवेगळा नमुना घ्यायचा. अगदी संगमावर घेतला तर पुराच्या वेळी एका ओढ्याचा गाळ दुसऱ्यात घुसलेला असतो आणि साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींत मिसळतात.

तिसरा नियम चाळणीचा. तांबे बारीक कणांना जास्त चिकटते. म्हणून गाळ वाळवून बारीक चाळणीतून चाळतात. पुष्कळदा इंचाला ८० छिद्रे असलेली चाळण वापरतात. तिचे प्रत्येक छिद्र सुमारे ०.१८ मिलिमीटरचे असते. सर्व नमुने एकाच मापाच्या चाळणीतून चाळले, तरच त्यांची तुलना करता येते.

चौथा नियम ऐकून गंमत वाटेल. ही चाळण पितळेची चालत नाही! पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. घासताना त्याची सूक्ष्म पूड गाळात पडली, तर आपणच आणलेले तांबे आपल्याला ‘सापडेल’. म्हणून चाळण नायलॉनची आणि उचलणे प्लॅस्टिकचे. बोटातली अंगठीसुद्धा काढून ठेवतात.

आणि पाचवा नियम नोंदवहीचा. पुडीवर क्रमांक, वहीत तोच क्रमांक, नकाशावर तोच क्रमांक. ओढ्याची रुंदी, पाण्याचा रंग, पात्रातले धोंडे कोणत्या खडकाचे, जवळपास वस्ती किंवा शेत आहे का, हे सारे लिहायचे. काही ठिकाणी मुद्दाम दोन-दोन नमुने घेऊन वेगळ्या क्रमांकांनी प्रयोगशाळेकडे पाठवतात. दोन्हींचे उत्तर जवळपास सारखे आले, तरच बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा.

पुढे प्रयोगशाळेत हा गाळ आम्लात विरघळवून त्यातले तांबे मोजतात. जुन्या काळी डायथायझोन नावाचे हिरवे द्रावण वापरीत. धातू मिळाला की त्याचा रंग पालटून तांबडा-जांभळा होई आणि रंगाच्या छटेवरून प्रमाणाचा अंदाज येई. ही परीक्षा ओढ्याकाठी, तंबूतही करता येत असे. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या अ‍ॅलन वॉल्श या शास्त्रज्ञाने अणु-शोषण वर्णपटमापनाची पद्धत मांडली. ज्योतीत तापलेले तांब्याचे अणू ठराविकच रंगाचा प्रकाश शोषून घेतात. किती प्रकाश कमी झाला ते मोजले, की तांबे किती ते कळते. या युक्तीमुळे हजारो नमुने झपाट्याने तपासता येऊ लागले.

आकडे बोलू लागतात

तांबे मोजण्याचे माप फार लहान असते: दहा लाख भाग गाळात किती भाग तांबे. सोयीसाठी आपण नुसते ‘भाग’ म्हणू. ज्या प्रदेशात विशेष काही नाही, तिथल्या गाळातही थोडे तांबे असतेच. समजा, एका प्रदेशात हे नेहमीचे प्रमाण ५० भाग आहे. नेहमीपेक्षा ठळकपणे जास्त आकडा आला, तर भूवैज्ञानिक त्याला ‘असंगती’ म्हणतात.

आता वही घ्या आणि माझ्याबरोबर एक उदाहरण सोडवा. हे काल्पनिक आहे. डोंगरात १ चौरस किलोमीटरचा एक तुकडा असा आहे, की त्यातल्या मातीत १००० भाग तांबे आहे. बाकी सगळीकडे ५० भाग. आणि सगळ्या जमिनीवरून गाळ सारखाच निघतो, असे धरू.

प्रथम त्या तुकड्यावरून येणारा लहान ओढा घेऊ. त्याचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे १ किलोमीटर १००० भागांचा आणि उरलेले ४ किलोमीटर ५० भागांचे. सरासरी काढा: (१००० + २००) भागिले ५, म्हणजे २४० भाग. असंगती ठळक आहे.

हा ओढा पुढे २० चौरस किलोमीटरच्या उपनदीला मिळतो. (१००० + १९ × ५०) भागिले २०, म्हणजे ९७.५ भाग. अजून जवळजवळ दुप्पट आहे. शोधणाऱ्याचे डोळे तीक्ष्ण असतील तर लक्षात येईल.

उपनदी पुढे १०० चौरस किलोमीटरच्या नदीला मिळते. (१००० + ९९ × ५०) भागिले १००, म्हणजे ५९.५ भाग. अरेरे! निसर्गात ५० चे कधी ४५, कधी ६० सहज होतात. तेव्हा इथे नमुना घेणाऱ्याला काहीच कळणार नाही. तो म्हणेल, या नदीत तांबे नाही.

पाहिलेत? गाळ खोटे बोलत नाही. पण जसजसे खाली जावे तसतसा त्याचा आवाज क्षीण होत जातो. १९७६ मध्ये हॉक्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने याच विचाराचे सूत्र मांडले, आणि आजही ते वापरतात. फ्लाय नदीचे खोरे सुमारे ७६,००० चौरस किलोमीटरचे आहे. तिच्या मुखाशी उभे राहून डोंगरातल्या एका तुकड्याचे नाव विचारणे व्यर्थच! वर, लहान ओढ्यांकडेच गेले पाहिजे.

आता हेच उदाहरण उलट वाचा, म्हणजे शोधाची रीत हाती येईल. उपनदीवर ९७ मिळाले. तिच्या बाजूने वर चढा. पहिला ओढा, ५० भाग: सोडून द्या. दुसरा ओढा, २४०: याच्या मागे लागा. त्याला वर दोन फाटे फुटतात. एकात ४८, दुसऱ्यात ६००. दुसरा धरा. आकडा वाढत जातो आणि एकाएकी ५० वर घसरतो. याचा अर्थ, ती जागा तुम्ही नुकतीच ओलांडलीत! तांबे आहे ते या दोन पुड्यांच्या मधल्या उतारावर. मग तिथल्या उताराची माती चौकटी पाडून तपासायची, चर खणायचे आणि शेवटी यंत्राने खोल छिद्रे पाडून खडकाचे नमुने बाहेर काढायचे. पुष्कळशा असंगतींचा शेवट ‘खाणीजोगे काही नाही’ असाच होतो. पण हजार किलोमीटर जंगलातून पाच-दहा किलोमीटरवर नजर आणून ठेवणे, हेच या पद्धतीचे मोठे काम.

फुबिलानचा डोंगर

१९६८ मध्ये केनेकॉट या अमेरिकन कंपनीचे भूवैज्ञानिक ओक टेडीच्या खोऱ्यात असाच माग काढीत वर चढले. नदीतला गाळ आणि पात्रात वाहत आलेले खनिजयुक्त धोंडे यांनी त्यांना माउंट फुबिलान या सुमारे २००० मीटर उंचीच्या डोंगरापाशी नेऊन सोडले. वोपकायमिन नावाच्या डोंगरी लोकांची ही भूमी. १९६९ पासून कंपनीने तिथे छिद्रे पाडून तपासणी केली.

आत जे सापडले ते आपण वर पाहिलेल्या रसायनाचेच चित्र होते. सुमारे ११ ते १२ लाख वर्षांपूर्वी इथे वितळलेला शिलारस वर घुसून गोठला होता आणि त्याच्या गरम द्रावणांनी खडकात तांबे आणि सोने आणून ठेवले होते. भूशास्त्राच्या दृष्टीने ही काल-परवाची गोष्ट! पुढे डोंगर झिजला. धो धो पावसाने माथ्यावरच्या खडकातले तांबे धुऊन नेले. सोने विरघळत नाही, म्हणून ते मागे राहिले. परिणामी डोंगराच्या डोक्यावर सोन्याची जणू टोपी तयार झाली. धुतलेल्या तांब्यापैकी काही खाली झिरपून पुन्हा खनिज बनले, म्हणून टोपीखाली तांब्याने समृद्ध झालेला थर मिळाला. आणि उरलेले तांबे ओढ्यात गेले. ज्या गाळाने शोध लावला, त्यातले तांबे या टोपीतूनच निसटलेले.

पापुआ न्यू गिनी १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला. त्याच वर्षी केनेकॉटची सरकारशी चाललेली बोलणी फिसकटली आणि ती कंपनी बाहेर पडली. बीएचपी ही ऑस्ट्रेलियन कंपनी आणि तिचे भागीदार पुढे आले. १९८४ मध्ये टोपीतले सोने निघू लागले, आणि १९८७ पासून तांबे. नव्या देशाच्या निर्यातीत या खाणीचा वाटा फार मोठा ठरला. टाबूबिल नावाचे गाव वसले, दवाखाना आला, रस्ता आला. आज मात्र फुबिलानचे शिखर जागेवर नाही. जिथे शिखर होते तिथे मोठा खड्डा आहे.

नदीने आणलेली दुसरी खबर

गोष्ट इथे संपली असती तर मीही आनंदाने थांबलो असतो. पण पुढचा भाग तुम्हाला कळलाच पाहिजे.

ओक टेडीच्या खडकात तांबे किती? शंभर किलो खडकात एक किलोहूनही कमी. बाकीचे नव्याण्णव किलो काय होते? तो खडक पिठासारखा दळतात, त्यातले खनिज वेगळे करतात आणि उरते ते पाण्यात कालवलेले दळ. खाणकामात त्याला टेलिंग म्हणतात. ते साठवण्यासाठी ओक मा या ओढ्यावर धरण बांधायचे ठरले होते. परंतु जानेवारी १९८४ मध्ये धरणाच्या जागी प्रचंड दरड कोसळली. एवढा पाऊस, भूकंपाचा प्रदेश आणि ढिसूळ डोंगर. धरण पुन्हा बांधलेच गेले नाही. तात्पुरती म्हणून दिलेली परवानगी पुढे चालूच राहिली, आणि दररोज सुमारे ८०,००० टन टेलिंग, शिवाय फोडलेला टाकाऊ खडक, नदीत जाऊ लागला.

परिणाम काय झाला असेल, ते तुम्हीच सांगा. ज्या वाटेने निसर्गाचे चिमूटभर तांबे येत होते, त्याच वाटेने आता डोंगरच्या डोंगर येऊ लागले. नदीचे पात्र गाळाने भरून काही ठिकाणी कित्येक मीटर उंच झाले. पाणी काठ सोडून जंगलात पसरले आणि साचून राहिले. झाडांची मुळे गुदमरली आणि शेकडो चौरस किलोमीटर जंगल वाळले. काठावरच्या लोकांचे अन्न म्हणजे साबुदाणा देणारे सागो ताड आणि अळूसारखे तारो कंद. त्यांच्या बागा चिखलाखाली गेल्या. मासे कमी झाले. तांबे आपल्या शरीराला अल्प प्रमाणात लागते, पण पाण्यातल्या शैवालांना आणि माशांना ते थोडे वाढले तरी बाधते. खाणीखालच्या काठांवर सुमारे ५०,००० लोक राहत होते. त्यांतल्या बहुतेकांनी ती खाण कधी पाहिलीही नव्हती.

१९९४ मध्ये काठच्या रहिवाशांनी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या न्यायालयात दावा लावला. १९९६ मध्ये तडजोड झाली. १९९८ पासून नदीच्या खालच्या टप्प्यात यंत्रांनी गाळ उपसण्यास सुरुवात झाली. बीएचपी २००२ मध्ये खाणीतून बाहेर पडली आणि २०१३ मध्ये पापुआ न्यू गिनी सरकारने खाण पूर्णपणे आपल्याकडे घेतली. खाण बंद करावी तर हजारोंची रोजी जाते आणि देशाचे उत्पन्न बुडते. चालू ठेवावी तर नदी सोसते. सोपे उत्तर कोणाकडेच नव्हते. पण ते सोसणे कोणाच्या वाट्याला आले, हे विसरून चालणार नाही.

आणि ते सोसणे मोजले कसे? पुन्हा त्याच पुड्यांनी! शास्त्रज्ञ नदीकाठी गेले, तसाच गाळ उचलला, तसाच चाळला, तसेच तांबे मोजले. फरक एवढाच, की शोध घेणारा गाळाचा माग काढीत वर चढतो आणि नुकसान मोजणारा खाली उतरतो. यातून एक धडा मिळतो. खाण सुरू होण्यापूर्वी नदीच्या गाळात किती तांबे होते, याची नोंद जपून ठेवलेली असली, तरच पुढे किती भर पडली ते ठामपणे सांगता येते. शोधासाठी भरलेली पुडी उद्याची साक्षीदार असते. ती फेकून देऊ नये.

नुसत्या खाणींसाठीच ही पद्धत आहे, असेही समजू नका. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले प्राध्यापक वेब आणि त्यांचे सहकारी ओढ्यांचा गाळ तपासत असताना काही भागांत मॉलिब्डेनम जास्त आढळले. नेमक्या अशा भागांतल्या गुरांना तांब्याच्या कमतरतेचा रोग होत होता, कारण चाऱ्यातले जादा मॉलिब्डेनम गुरांच्या शरीराला तांबे मिळू देत नाही. १९७८ मध्ये त्यांनी इंग्लंड आणि वेल्सचा भूरासायनिक नकाशासंग्रहच प्रसिद्ध केला. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थाही ओढ्यांच्या गाळाचे नमुने घेऊन देशाचे असे नकाशे तयार करते.

तुमच्या ओढ्याला विचारा

आता प्रयोगाकडे वळू. तांबे मोजायला प्रयोगशाळा लागते, पण रीत शिकायला लोहचुंबक पुरे. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे खनिज असते. ओढ्याच्या वाळूत त्याचे काळे कण सहज मिळतात.

पावसाळा संपल्यावर, पाणी घोट्याइतके झाल्यावर, शिक्षकांबरोबर गावच्या ओढ्यावर जा. (पुराच्या पाण्यात कोणीही उतरू नये.) दोन ओहोळ मिळतात अशी जागा निवडा. प्रत्येक ओहोळात संगमाच्या वीस-तीस पावले वर एकेक आणि संगमाच्या बरेच खाली एक, अशा तीन ठिकाणी पात्राच्या मधून गाळ घ्या. पुड्यांना क्रमांक द्या. गाळ उन्हात वाळवा, एकाच चाळणीने चाळा आणि प्रत्येकातला वाटीभर वजन करून घ्या. चुंबकाला कागद गुंडाळून तो गाळात फिरवा. कागद काढला की काळे कण आपोआप गळून पडतील. ते तराजूवर तोला आणि शेकडा प्रमाण काढा. मग नकाशा काढून आकडे लिहा. खालच्या पुडीचा आकडा वरच्या दोन आकड्यांच्या दरम्यान येतो का? आला नाही तर का नाही? प्रवाह जोरात असेल तिथे हलकी वाळू वाहून जाते आणि जड काळे कण मागे राहतात. म्हणजे तीनही नमुने सारख्याच प्रवाहातले होते का, हे पाहावे लागेल.

जाता जाता दोन प्रश्न देतो. पहिला: बेसॉल्टमध्ये मुळातच शंभर ते दोनशे भाग तांबे असते. मग सह्याद्रीतल्या ओढ्यात १२० भाग मिळाले, तर तिथे तांब्याची खाण आहे असे म्हणाल काय? हाच आकडा ग्रॅनाइटच्या प्रदेशात मिळाला तर? दुसरा: नाशिककडच्या एका ओढ्यात तांबे अचानक वाढलेले दिसले. वर डोंगर नाही, पण द्राक्षांच्या बागा आहेत, आणि बागाईतदार बुरशीसाठी मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. आता ही खबर डोंगराने दिली की माणसाने?

दोन्ही उत्तरे वर्गात चर्चा करून काढा. आणि तुमच्या ओढ्याचा तो नकाशा, तारीख घालून, शाळेच्या कपाटात जपून ठेवा. पाच-दहा वर्षांनी त्याच जागी गाळ घेणाऱ्या मुलांना तो हवा असेल.